कोरडं सांगणाऱ्याची भाकर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या कॉलनीतलं सगळ्यांत वडीलधारं माणूस, नानासाहेब; माझ्या शेजारी व्यासपीठावर बसलेले, माझ्या नातीचे गुरुजी, विद्यापीठातले प्राध्यापक आप्पासाहेब सर; एवढा सुंदर कार्यक्रम घडवून आणणारी, नातीची मैत्रीण सुकेशनी; देवगाव रंगारीहून जीप करून आलेले आमचे भाऊबंद; शेंद्र्याहून पाळी बदलून आलेली माझ्या मुलाच्या कंपनीतली मंडळी; समोर बसलेल्या आयाबहिणी; आणि मागं भिंतीला टेकून जेवणाच्या वासावर लक्ष ठेवून असलेली सगळी माणसं, तुम्हां सर्वांना पुतळाबाईचा हात जोडून नमस्कार.

जेवणाचं वाक्य माझं हं. बाकीचं सुकेशनीनं शिकवलं. तिनं मला बजावलंय, "आजी, पाच मिनिटं." आता पाच मिनिटांत चहासुद्धा धड उकळत नाही, आणि मला सांगायचंय विश्वाबद्दल. सुकेशनी, माईक जरा खाली घे बाई. हां. आता आपलाच आवाज आपल्याला ऐकू यायला लागला. बरं वाटतं.

खरं तर इथं माझ्या भारतनं उभं राहायचं. मुलीचा बाप तो. पण तो म्हणाला, "आई, मला जमत नाय, माझा घसा दाटतो." मी म्हटलं, माझा पण दाटतो की, पण मी दाटला तरी बोलते, मला सवय आहे.

तर मंडळी, माझी नात ज्ञानेश्वरी डॉक्टर झाली त्याचा सत्कार, आणि परवा ती इटली नावाच्या देशाला निघाली त्याचा निरोप, दोन्ही आज एकाच हारात उरकायचं ठरलंय. डॉक्टर म्हणजे गोळ्या देणारी नाही, हे मी वर्षभर सांगतेय. तरी आमच्या गल्लीतल्या केसरबाईंनी कालच तिला गुडघा दाखवला. पोरीनं पण बघितला, नाही म्हणाली नाही. वर सांगितलं, "शेकत जा, उष्णता ही माझ्याच विषयातली आहे."

आणि ते खोटं नाही. मघाशी सुकेशनीनं तिच्या प्रबंधाचं नाव वाचलं, तेव्हा तुम्ही सगळे एकमेकांकडं बघत होता. 'गुरुत्वाकर्षणाचे पर्यायी सिद्धांत आणि विश्वाच्या क्षितिजाची उष्मागतिकी.' मी पाठ केलंय. मला दुसरीपर्यंतची शाळा, तीही मेंढरं ज्या गावाजवळ असतील त्या गावातली. पण हे नाव मी पाठ केलंय, कारण ते तयार होताना मी बघितलं, आमच्या पत्र्याच्या खोलीत, भर उन्हाळ्यात. ते कसं झालं ते सांगते. पण त्याआधी थोडं मागं जावं लागतं. आप्पासाहेब सर, तुमच्याकडं बसची वेळ वगैरे काही नाही ना?

मी लग्न होऊन आले ते साल दुष्काळाचं. बाहत्तरचा दुष्काळ. इथल्या कितीतरी जणांनी त्यात सुकडी खाल्ली असेल, खडी फोडली असेल. आमच्याकडं मेंढरं होती, म्हणून आम्ही चालत होतो. आमचा वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे बरं. दोन घोडी, चार बिऱ्हाडं, कुत्री, कोंबड्या आणि मेंढरं मिळून फिरती वस्ती, तिला आम्ही वाडा म्हणतो. शेतकरी आम्हाला बोलवायचे, मेंढरं त्यांच्या शेतात बसवायची, लेंडीखत पडायचं, आणि आम्ही पुढच्या शेताला. आता त्या सालात शेतकऱ्याकडंच काही नव्हतं, तर तो कशाला बोलवतो? आम्ही नुसतं पाण्याच्या मागं चालत होतो.

माझे सासरे वाड्याचे मुख्य. आणि माझे मालक सूर्यभान, म्हणजे ज्ञानेश्वरीचे आबा. घरात सगळेच आबा म्हणायचे, पुढं पुढं मीही आबाच म्हणायला लागले, तर इथंही तेच म्हणते. आबांचं काम होतं पुढं जाऊन पाणी बघायचं. वाडा एका जागी थांबायचा, आणि एक तरणा माणूस पुढची वाट बघून यायचा. तळं आहे का, नाल्यात खड्डा खणला तर ओल लागते का. मग तो येऊन सांगेल तिकडं वाडा हलायचा.

एकदा आम्ही देवगावच्या माळावर थांबलो होतो. आबा सकाळीच गेले. दुपार कलली तेव्हा परत आले. तोंडावर नुसता धुरळा, पापण्यासुद्धा पांढऱ्या. सगळा वाडा उभा राहून बघत होता. ते म्हणाले, "कोरडं हाय. तळाशी उतरून बघितलं. चिखल बी नाय."

माझ्या सासूबाई, चतुराबाई त्यांचं नाव, त्या तव्यावर भाकरी टाकत होत्या. पहिली भाकर उतरली, ती त्यांनी आबांच्या पुढ्यात ठेवली. सासऱ्यांच्या आधी! मी नवी नवरी, माझे डोळेच मोठे झाले. घरातलं मोठं माणूस उपाशी आणि पहिली भाकर रिकाम्या हातानं आलेल्याला? मी हळूच विचारलं, "आत्याबाई, पाणी तर नाय आणलं त्यांनी."

त्या म्हणाल्या, "पाणी सापडलेला तिथंच पिऊन येतो. ह्यो तहानलेला गेला आन् तहानलेलाच आला. आता तूच सांग, जास्त उपाशी कोण?"

मग भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आन् ह्यानं लाजंपायी सांगितलं असतं, असंल थोडं पाणी, बघा जाऊन, तर सगळी मेंढरं त्या वाटंला लागली असती. परत यायला उरली असती का?"

ती आमच्या वाड्याची रीत होती. दुसऱ्या वाड्यांत होती का, मला माहीत नाही. कोरडं सांगणाऱ्याला पहिली भाकर. जो मागून त्याच वाटेनं येत असेल, मग तो आपला असो की परका, त्यालाही थांबवून सांगायचं, पुढं जाऊ नको. त्यानंही मग आपल्या पोतडीतलं काहीतरी हातावर ठेवायचं. गूळ नाहीतर नुसती तंबाखू.

हे लक्षात ठेवा. मी विसरले तर मला आठवण करून द्या.

मग काय, दुष्काळ सरला, आणि शहर वाढायला लागलं. आज जिथं सिडकोची घरं आहेत, तिथं आम्ही मेंढरं बसवलेली आहेत. आम्ही मुकुंदवाडीच्या माळावर गेलो, शहर मागून आलं. चिकलठाण्याच्या पलीकडं गेलो, तिथंही आलं. शेंद्र्याला गेलो तेव्हा वाटलं, एवढ्या लांब काही कुणी येत नाही. तर तिथं सरकारनं कंपन्यांना जागा दिल्या! आबा म्हणायचे, "पुतळे, आपण मेंढरं हाकतो का शहर आपल्याला हाकतं?" शेवटी मेंढरं विकली, मुकुंदवाडीत पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या. आणि गंमत बघा, शेंद्र्याला ज्या माळावर भारत लहानपणी कोकरं राखायचा, तिथंच आज तो कंपनीत मशीन चालवतो. म्हणतो, आई, हजेरी लावतो ना, तिथंच आपली चूल होती.

ज्ञानेश्वरीनं शेवटची मेंढरं बघितलेली आहेत. फार लहान होती. एका कोकराला घेऊन बसायची आणि विचारायची, "आबा, माळ कुठं संपतो?" आबा म्हणायचे, "आभाळ टेकलंय ना, तिथं." मग ही चालायला लागायची. थोडं चालून परत येऊन म्हणायची, "तिथं गेलं तर ते पुढं सरकतं." आबा म्हणायचे, "शहरासारखंच हाय ते."

आता बघा, त्याच क्षितिजावर पोरीनं प्रबंध लिहिला. पोरांना काय उत्तर देतो ते बघून द्यावं बाबा.

तर विषय. मला कळला तेवढा सांगते, उरलेला आप्पासाहेब सरांना विचारा, ते जेवायला थांबणार आहेत. ती पहिल्यांदा विद्यापीठातून हा विषय घेऊन आली, तेव्हा आबांनी बाजेवर बसूनच विचारलं, "काय शिकायचं म्हणतीस नेमकं?"

"आबा, वस्तू एकमेकींना का ओढतात ते."

"जमीन ओढती. ते तर शाळेतच सांगतात म्हणं."

"ओढते, पण ओढ म्हणजे काय? आबा, भर दुपारी माळावर मेंढरं काय करतात?"

"काय करणार, गोळा होत्यात. एकमेकीच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहत्यात. सावलीच नसती तर काय करतील?"

"आता लांबून कुणी नवख्यानं बघितलं, तर त्याला वाटेल ह्यांना कुणीतरी दोरीनं आत ओढतंय."

आबा हसले. "कोण ओढतंय! ऊन करतं ते."

"मग काही शास्त्रज्ञ तेच म्हणतात आबा. ओढ ही मुळात ओढ नसेलच. खाली उष्णतेचे काही नियम असतील, आणि वरून बघणाऱ्याला ती ओढ दिसते."

आबा बाजेवरून पुढं झुकले. मग म्हणाले, "पण पोरी, मेंढरं थंडीत बी गोळा होत्यात. वाऱ्याला पाठ करून."

ती टाळ्या वाजवायला लागली. "हाच तर घोळ आहे आबा! गोळा झालेली मेंढरं दिसतात, पण ती कशानं गोळा झाली, ह्याच्या वेगवेगळ्या गोष्टी सांगता येतात. मग खरी कोणती?"

तर मंडळी, अशा गोष्टी लई आहेत म्हणे. विश्व पसरतंय, आणि पसरण्याचा वेग वाढतोय. आमच्या ह्या संभाजीनगरासारखं. जुन्या नियमानं त्याचा हिशोब लावायचा, तर कुठंतरी न दिसणारं काहीतरी भरून राहिलंय, असं मानावं लागतं. काहीजण म्हणतात, न दिसणारं मानण्यापेक्षा ओढीचा नियमच जरा बदलून बघू. ते म्हणजे पर्यायी सिद्धांत. ज्ञानेश्वरीनं त्यातला एक नियम धरला. फार देखणा आहे म्हणायची. नियम देखणा कसा असतो, ते मला विचारू नका. मी तिला विचारलं होतं, तर म्हणाली, "आजी, तुझ्या रांगोळीत एक ठिपका जास्त नसतो, तसा."

तीन वर्षं त्या नियमामागं गेली.

आणि मग तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, तो. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ह्याचा नेम नव्हता, टँकर आला की सगळी गल्ली हंडे घेऊन पळायची. विद्यापीठाला सुट्टी, म्हणून सरांनी विभागातला एक जुना कॉम्प्युटर पोरीला घरी न्यायला दिला होता. तिचं शेवटचं मोठं गणित त्यात लावलेलं. रात्रंदिवस तो डबा घुर्रघुर्र करायचा. लाइट गेली तर म्हणून भारतनं कंपनीतल्या मित्राची बॅटरी मागून आणून जोडली होती. ती म्हणायची, आता हे गणित पुरं झालं की प्रबंध पुरा. त्या उन्हाळ्यात तिची शिष्यवृत्ती संपणार होती, आणि पुढच्या साली सर निवृत्त होणार होते. म्हणजे जे काय व्हायचं ते तेव्हाच व्हायचं होतं.

एक दिवस ती सरांना भेटायला गेलेली. मी टँकरवर. घरात आबा एकटे. खिडकीतून ऊन आलं आणि सरकत सरकत त्या डब्यावर पडलं. आबांनी हात लावून बघितला, तर भाजतंय. आता मला सांगा, मेंढपाळानं आयुष्यभर काय केलं? उन्हात पाण्याची घागर घोंगडीत गुंडाळली, पाणी गार राहिलं. एकदा लग्नासाठी शहरातून बर्फाची लादी नेली, ती घोंगडीत बांधून, घोड्यावर. मांडवात पोचली तेव्हा लोक हात लावून बघत होते. उन्हावर घोंगडी, हे आबांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्यांनी आपली अंगावरची घोंगडी घेतली, दुहेरी केली, आणि त्या डब्याला अशी पांघरली, अशी खोचली, की मागं जिथून पंख्याची हवा येते, तीही जागा उघडी ठेवली नाही. तान्ह्या लेकराला काय गुंडाळतील!

मी हंडा घेऊन आले, तर घरात एकदम शांत. मला आधी बरंच वाटलं.

मागोमाग पोरगी आली. दारातच थांबली. "आबा, हे काय?"

"ऊन लागत होतं त्याला," आबा म्हणाले. "घामाघूम झालं होतं."

ती आत गेली, घोंगडी काढली. डबा बंद. वास येत होता. शेवटच्या कितीतरी दिवसांचं मधलं गणित जपून ठेवायचं राहून गेलं होतं, ते सगळं गेलं. ती तशीच जमिनीवर बसली, घोंगडी मांडीवर घेऊन. मला वाटलं आता ही रडते. तर तिचे खांदे हलायला लागले, आणि बघते तर ही हसतेय.

"आबा, घागरीच्या पोटात चूल नसते. ह्याच्या पोटात चूल पेटलेली असते. तुम्ही पेटत्या चुलीला घोंगडी पांघरली."

"मग? विझली?"

"विझली आबा."

हसू नका मंडळी. म्हणजे हसा, पण तेव्हा आबा हसले नाहीत. ते जेवलेच नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशीही नुसता चहा. पोरगी त्यांच्या उशाशी जाऊन म्हणाली, "आबा, उठा. नाहीतर मी पण घोंगडी पांघरून बसते, मग मी पण विझेन." तेव्हा कुठं उठले, पण घास मोजून मापून.

डबा दुरुस्तीला गेला. तोवर काय करायचं? ती कागद घेऊन दारासमोरच्या कडुनिंबाखाली बसली, आबांच्या बाजेला टेकून. म्हणाली, "परत लावायचंच आहे, तर लावायच्या आधी एकेक गोष्ट हातानं तपासून घेते." मी अंगण झाडत होते. ती मधेच म्हणाली, "आजी, तू घर झाडून पसारा अंगणात लोटलास, तर पसारा कमी झाला का?"

"घरातला झाला की."

"आणि अंगण धरून?"

"अंगण धरून तेवढाच. झाडताना धूळ उडाली, म्हणजे जरा जास्तच."

"झालं. उष्मागतिकी शिकलीस."

विश्वाचं अंगण म्हणजे क्षितिज, असं ती म्हणाली. जिथपर्यंतचं आपल्याला कळू शकतं, ती शेवटची कड. त्या कडेलासुद्धा ऊब असते म्हणे, अगदी नखाएवढीही नाही, पण असते. आणि ऊब आहे म्हणजे तिथं पसाराही मोजता येतो. आतला पसारा आणि कडेचा पसारा मिळून कधी कमी होत नाही. ओढीचा नियम जुना असो की नवा, त्यानं हे मोडायचं नाही. मोडलं, तर तो नियम टिकत नाही.

मी म्हटलं, बरं, आणि झाडत राहिले. मागं बघितलं तर तिचं पेन थांबलेलं. कितीतरी वेळ ती एकाच ओळीकडं बघत होती.

"आजी," ती म्हणाली, "मी घराला नवं माप लावलं आणि अंगणाला जुनंच लावलं."

म्हणजे काय, तर ओढीचा नियम बदलला की कडेवरचा पसारा मोजायची रीतसुद्धा बदलते. आतला हिशोब तिनं नव्या नियमानं केला होता, आणि कडेचा जुन्याच रीतीनं. बरं जमत होतं सगळं. आता दोन्हीकडं नवं माप लावलं, तर पुढं जाऊन एकूण पसारा कमी व्हायला लागला.

मी म्हटलं, "कमी व्हायला लागला तर बरंच की! मला दे तो नियम."

ती हसली नाही. "बरं नाही आजी. चहा गार होतो, आपोआप परत गरम होतो का? माझा नियम म्हणतोय, होईल. म्हणजे माझा नियम खोटा आहे."

तो डबा चालू राहिला असता, तर चुकीच्याच मापानं गणित पुरं झालं असतं, आणि ते सुरेख दिसलं असतं. पण हे आत्ता सुचतं. तेव्हा त्या कडुनिंबाखाली माझी नात एवढी एवढी झाली होती. तीन वर्षं! तिच्या वयाच्या पोरी नोकरीला लागलेल्या, ही रोज बस बदलून विद्यापीठात जाणार, चपलेला टाके घालून.

ती सरांकडं गेली. सर, तुम्ही इथं बसला आहात म्हणून जसंच्या तसं सांगते, चुकलं तर कान धरा. सरांनी सगळं तपासलं. म्हणाले, "बरोबर आहे तुझं. नियम टिकत नाही. आता दोन प्रकारे लिहिता येईल. अमुक काळापर्यंत नियम चालतो, एवढंच लिहिलंस तर तेही खोटं नाही. पुढं काय होतं ते लिहिलंस, तर परीक्षक विचारतील, मग तीन वर्षांत मिळवलं काय? तू ठरव. मी दोन्हीवर सही करीन."

ती घरी आली आणि आम्हाला सांगितलं. भारत नुकताच पाळीवरून आलेला, हातपाय धुऊन ताटावर बसत होता. तो म्हणाला, "मग जिथवर चालतंय तिथवरच लिही ना माय. पुढचं पान घालूच नको. क्षितिजावर जाऊन बघणारंय का कुणी?"

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. बापाला पोरीची तीन वर्षं दिसत होती.

तेव्हा आबा, जे त्या घोंगडीच्या दिवसापासून धड बोलत नव्हते, ते बाजेवर उठून बसले.

"पोरी, ती वाट कोरडी निघाली म्हणतीस?"

"व्हय आबा."

"नीट बघितलंस? तळाशी उतरून?"

"दोनदा. सरांनीही बघितलं."

"त्या वाटंनं अजून कुणी यायलंय का?"

"लई जण आबा. इटलीत आहेत, जपानमधे आहेत. ह्याच नियमावर काम चालू आहे त्यांचं."

आबा माझ्याकडं वळले. म्हणाले, "पुतळे, पहिली भाकर हिला वाढ."

मी तव्याकडं बघितलं. पहिली भाकर तर भारतच्या ताटात गेलेली. दमून आलेला, त्यालाच वाढली होती. मी दुसरी उचलणार, तोवर भारतनं आपल्या ताटातली भाकर उचलली, वरची राख झटकली आणि पोरीच्या ताटात ठेवली. तोही वाड्यातच वाढलेला ना. त्यानं आपल्या बापाला तशी भाकर खाताना बघितलंय.

ज्ञानेश्वरी एवढंच म्हणाली, "बाबा, सगळं लिहिते मग." आणि आबा त्या संध्याकाळी पोटभर जेवले. वांग्याचं भरीत होतं.

तिनं सगळं लिहिलं. कोणत्या जागेला वाट संपते, का संपते, आणि आधी कोणतं माप चुकलं होतं, तेसुद्धा. मग थंडी आली, आणि थंडीत आबा गेले. झोपेत गेले, शांत गेले, त्याबद्दल मी आज रडणार नाही. मी आज खूश आहे, आणि खूश राहायचं ठरवून आलेय. पण एवढं वाटतं, की परीक्षेपर्यंत राहायला पाहिजे होते. परीक्षेला मी गेले होते, मागच्या बाकावर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच विचारलं, जे सर म्हणाले होते. मला इंग्रजी कळत नाही, पण प्रश्न कोणता आहे ते तिच्या मानेवरून कळलं. ती बोलत होती, फळ्यावर लिहीत होती, तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर नाही. शेवटी ते गृहस्थ चष्मा काढून काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले. नंतर सुकेशनीनं मला सांगितलं. ते म्हणाले होते, "आमच्या एका विद्यार्थ्याला मी ह्याच नियमावर काम देणार होतो. आता घरी जाऊन आधी फोन करतो."

मंडळी, मला बाकी काही कळो न कळो, ते मला कळलं. मागच्या वाड्याला निरोप पोचला होता.

आणि मग इटलीहून तिथल्या एक प्राध्यापक बाई. कॉम्प्युटरवर दिसल्या, पांढरे केस, माझ्याएवढ्याच असतील. त्यांच्या हाताखाली शिकणारी मुलंही त्याच वाटेनं निघालेली. त्यांनी ज्ञानेश्वरीला सांगितलं, तुझं लिखाण वाचून आम्ही थांबलो, आता इकडं ये, मिळून दुसरी वाट शोधू. मी मागून डोकावून बघत होते, तर त्यांनी मला हात केला. मीही केला. मी पोरीला म्हटलं, त्यांना सांग, आमच्याकडं अशा वेळी हातावर गूळ ठेवायची रीत आहे. तिनं खरंच सांगितलं! त्या काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, इकडं गूळ मिळत नाही, येताना तूच घेऊन ये. गेला एक किलो बॅगेत.

बॅगेवरून आठवलं. आबांची घोंगडी पण चाललीय. वजन जास्त होतं म्हणून भारतनं दोनदा बाहेर काढली, पोरीनं दोनदा परत घातली. तिनं शपथ घेतलीय की कॉम्प्युटरवर घालणार नाही.

सुकेशनी घड्याळ दाखवायला लागली. आवरते.

आप्पासाहेब सर, तुम्ही दोन्हीवर सही करीन म्हणालात आणि ठरवायचं पोरीवर सोडलंत, त्याचे आभार कसे मानायचे मला माहीत नाही. निवृत्तीनंतर वेळ असेल तुम्हाला, मुकुंदवाडीला येत जा, कडुनिंब अजून आहे. कॉलनीनं हा हॉल दिला, खुर्च्या दिल्या, माझ्या नातीला आपली म्हटलं, तुमचे सर्वांचे आभार. देवगावच्या पाहुण्यांनी जेवल्याशिवाय जीप सुरू करू नये.

आणि नानासाहेब, अध्यक्ष म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. पहिलं ताट तुमच्या मानाचं, ते मला ठाऊक आहे. मागं चूल मांडलेली आहे, भाकरी मी स्वतः थापून आलेय, आणि पहिली भाकर झाकून ठेवलीय. ती आज ज्ञानेश्वरीच्या ताटात जाऊ द्या.

बघा, नानासाहेब मान हलवतायत. आभारी आहे.

ज्ञाना, तू परवा निघालीस. तिकडं नवी वाट बघशील. पाणी लागलं तर पोटभर पी, आम्हाला फोनवर सांग, मी गल्लीभर पेढे वाटते. नाही लागलं, तर तळाशी उतरून बघ आणि परत येऊन तसंच सांग. तवा ठेवायला मी आहे, मी नसले तर तुझा बाप आहे. त्याला येतं आता, मी शिकवलंय, फक्त कड जरा जाड ठेवतो.

दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईनं विश्वाचं बोलायचं म्हणजे काहीतरी इकडचं तिकडं झालंच असेल. सरांनी मघापासून दोनदा ओठ चावलेत, मी बघितलंय. जे चुकलं असेल ते पदरात घ्या, आणि जे आवडलं असेल ते आबांचं समजा.

बसते. ती भाकर गार व्हायच्या आत चला सगळे. एकदा गार झाली की आपोआप काही गरम व्हायची नाही.